अंगठा आणि जळू

कोल्हापुरात फुटबॉल खेळताना कुणाला दुखापत होत नाही. फार तर 'पाय धरतो'. स्ट्रेचरवरून मैदानाबाहेर गेलेल्या माणसाबद्दलही दुसऱ्या दिवशी तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथे, चहा पिताना लोक एकमेकांना हेच सांगणार, की पोराचा जरा पाय धरला. आणि ते पोरगंही आठ दिवसांत, लंगडत का होईना, सरावाला हजर होणार. नाही झालं तर पेठेत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

अशा गावात पाय मोजायचं काम माझ्याकडे होतं. मी अस्मिता सरनोबत, पंचगंगा युनायटेड या व्यावसायिक संघाची फिजिओथेरपिस्ट. २०३९च्या मोसमात आमचा संघ पहिल्यांदाच देशाच्या लीगमध्ये प्लेऑफपर्यंत पोचला, तेव्हाची ही गोष्ट. लीगमधले पहिले चार संघ उपांत्य फेरी खेळतात, त्यातले दोन अंतिम सामना. सहा महिने घाम गाळून कमावलेलं सगळं दोन आठवड्यांत पणाला लागतं. शिलाँगच्या संघाशी उपांत्य फेरीचा पहिला सामना आम्ही त्यांच्या गावी एक-एक असा बरोबरीत सोडवला होता. दुसरा रविवारी आमच्या गावात होता आणि तो जिंकायलाच हवा होता.

आमचे कोच रिबेलो सर गोव्याचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "लीग अकरा जण जिंकून देतात. प्लेऑफ बाकावरचे जिंकून देतात." मोसमाच्या शेवटी उरलेले सगळेच संघ चांगले असतात आणि सगळेच दमलेले. शेवटच्या वीस मिनिटांत ज्याच्याकडे धड पाय जास्त, तो पुढे जातो. हे ऐकताना पोरं माना डोलवायची आणि बाकावर बसायची पाळी आली की नाक कापल्यासारखी तोंडं करायची.

पाय धड आहेत की नाहीत हे कळावं म्हणून लीगनं चार वर्षांपूर्वी एक पट्टी सक्तीची केली होती. बोटभर रुंद, वीतभर लांब, मांडीच्या मागच्या बाजूला चिकटते. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं: जळू.

जळूचं शास्त्र तसं सोपं आहे. स्नायू म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूभोवती पातळ आवरण असतं आणि त्याच्या आत-बाहेर खारट पाणी. जळू मांडीतून अगदी सौम्य वीज सोडते, इतकी की खेळाडूला गुदगुलीसुद्धा होत नाही. धड आवरण या विजेला अडवतं, क्षणभर धरून ठेवतं आणि मग पुढे सोडतं. तंतू फाटायला लागले की आवरणाला भोकं पडतात, पाणी झिरपतं आणि फुटक्या बांधातून पाणी जावं तशी वीज सरळ निघून जाते. ती किती अडली आणि किती उशिरा पोचली, यावरून आतली पडझड कळते, तीही खेळाडूला काही जाणवण्याआधी दोन-तीन आठवडे. मग हजारो खेळाडूंच्या नोंदींशी ताडून संगणक एक आकडा देतो: पुढच्या नव्वद मिनिटांत हा स्नायू फाटण्याची शक्यता शंभरात किती. वीसपर्यंत हिरवा, चाळीसपर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. लाल आकडा आलेल्याला स्वतःच्या जबाबदारीवर सही केल्याशिवाय मैदानात उतरता येत नाही.

बाकी सगळ्या संघांत जळूमुळे मांड्या फाटणं जवळपास थांबलं होतं. आमच्याकडे त्या मोसमात दोन फाटल्या. दोन्ही वेळा आकडा हिरवा होता. दुसरा समरजित चव्हाण, आमचा सर्वांत वेगवान विंगर. डिसेंबरात भर धावेत तो गोळी लागल्यासारखा कोसळला. मांडीचा स्नायू हाडापासून सुटला होता. ऑपरेशन झालं, आणि पुन्हा खेळेल की नाही हे डॉक्टरही सांगेनात. त्या सकाळी त्याला "चौदा, हिरवा, जा बिनधास्त" असं मी म्हटलं होतं. पेठ म्हणाली, कोल्हापूरच्या पायाला जळू काय कळणार. मी जळू बनवणाऱ्या कंपनीला तीन पत्रं लिहिली. यंत्रात दोष नाही, असं तिन्ही वेळा उत्तर आलं.

यंत्रात दोष नव्हताच. तो कुठे होता ते मला बुधवारी कळलं.

*

बुधवारी सराव संपल्यावर मी धैर्यशील वरुटेच्या डाव्या मांडीवरची पट्टी काढली. धैर्यशील आमचा स्ट्रायकर, वय चोवीस, त्या मोसमात सतरा गोल. पट्टी मी एरवी तशीच डब्यात टाकते. त्या दिवशी खिडकीतून ऊन तिच्यावर पडलं आणि तिच्या पाठीला पिवळी झाक दिसली. मी ती नाकाशी धरली. आंबेहळद, तिळाचं तेल, आणि मागे आणखी कसला तरी उग्र वास.

तो वास माझ्या घरचा होता.

माझे वडील हिंदुराव सरनोबत, आमचे आबा, म्हणजे चिंचेच्या तालमीचे वस्ताद. आमच्याकडची तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण जोडीला फुटबॉलचा संघही तिचाच. पंचगंगा युनायटेडमध्ये तेव्हा सात जण चिंचेच्या तालमीचे होते. व्यावसायिक झाले तरी सातही जण रोज पहाटे आबांच्या हाताखाली मांड्या रगडून घ्यायला तालमीत जायचे. आबांच्या लेपात तिळाचं तेल, आंबेहळद, सैंधव मीठ आणि आणखी एक पाला असतो, तो कुठला हे त्यांनी मलाही सांगितलेलं नाही.

"धैर्या, लेप लावून आलायस?" मी विचारलं.

"कसला लेप, ताई?"

"वस्तादांचा."

"त्यो व्हय! त्यो रोजचाच की."

मी त्याचा फॉर्म काढून त्याच्यापुढे धरला. जळू लावण्याआधी रोज एक प्रश्न असतो: त्वचेवर औषध, मलम किंवा तेल लावले आहे का? सहा महिने रोज त्यानं 'नाही'वर खूण केली होती. सातही जणांनी केली होती.

धैर्यशील माझ्याकडे बघतच राहिला. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. "ताई, ते औषध हाय व्हय? त्यो वस्तादांचा हात हाय."

मी त्याला गरम पाण्याची वाफ दिली, साबणानं मांडी धुतली, स्पिरिटनं दोनदा पुसली, पाऊण तास थांबले आणि नवी पट्टी लावली. सकाळी त्याचा आकडा अकरा होता. आता आला अडुसष्ट. पुन्हा मोजला, सहासष्ट. तिसऱ्यांदा एकोणसत्तर.

गणित आता उघड होतं. तेल विजेला अडवतं. रोजच्या रगडण्यानं ते कातडीच्या रंध्रांत मुरलं होतं, वरवरच्या स्पिरिटनं निघत नव्हतं. नुसतं तेल असतं तर पट्टी नीट चिकटली नाही म्हणून जळूनंच ओरड केली असती, पण लेपातल्या मिठामुळे ती तपासणी बिनबोभाट पार पडत होती. वीज अडतेय ती तेलामुळे, आणि यंत्राला वाटत होतं स्नायू धडधाकट आहे. हिरव्यावर फाटलेले, या सातांत न धरलेले दोघंही चिंचेच्या तालमीचेच होते. बाहेरगावच्या एकाचंही असं झालं नव्हतं. हे डोळ्यांपुढे असून मला दिसलं नव्हतं, कारण रोज नाकाशी येणारा तो वास मला वासच वाटला नव्हता. मी त्यातच वाढले होते.

मला समरजित आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

रिबेलो सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. उरलेल्या सहा जणांच्या मांड्याही धुवून मोजायला लावल्या. चार हिरवे निघाले, दोन पिवळे. लाल एकटा धैर्यशील.

"मी सही करतो," धैर्यशील लगेच म्हणाला. "कागद कुठाय?"

"तीनात दोनदा फाटेल, धैर्या," मी म्हटलं. "समरजितसारखं."

"वस्ताद फाटक्या गुडघ्यानं फायनल खेळले. माझं तर अजून फाटलंबी न्हाई." एवढं बोलून तो निघून गेला.

मी सरांकडे वळले. "तुम्ही त्याला बसवू शकता. तुमचा अधिकार आहे."

"आहे गो बाय." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "पण मग तुझ्या तालमीचे सहा जण अर्ध्या मनानं खेळणार. त्याच्या जागी कोण? कुलदीप. तो उतरला की अर्धं स्टेडियम शिट्ट्या मारणार. अशी मॅच मी जिंकू शकत नाही. पोरगा आपल्या मनानं बसला पाहिजे."

"नाही बसला तर?"

"तर त्याला खेळवीन, आणि देवाला म्हणेन, माफ कर."

कुलदीप बोंद्रे वेशीवरच्या तालमीचा. चिंचेची तालीम आणि वेशीवरची तालीम यांचं वैर माझ्या आजोबांच्या आधीपासूनचं आहे. ते कशावरून सुरू झालं हे दोन्हीकडे कुणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच ते मिटत नाही. कुलदीप गुणी खेळाडू होता, पण मोसमभर बाकावरच होता. घरच्या प्रत्येक सामन्याआधी आबा ड्रेसिंगरूममध्ये यायचे. हातात पितळेची वाटी, वाटीत हौद्यातली लाल माती. हौदा म्हणजे तालमीतली कुस्तीची जागा. तिथली माती ताक, तेल आणि हळद घालून मऊ केलेली असते. ती वस्तादांच्या हातून कपाळाला लागल्याशिवाय चिंचेच्या तालमीचा माणूस मैदानात पाय टाकत नाही. हळूहळू गोव्याचे, मिझोरामचे खेळाडूही रांगेत उभे राहायला लागले होते. राहायचा नाही तो एकटा कुलदीप. माती लावून होईपर्यंत तो कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत बसायचा. इतका वेळ, की तेवढ्यात चार जोड बांधून झाले असते.

*

संध्याकाळी मी घरी गेले. ऑफिसात मी बोलते ते वेगळं. घरचा उंबरा ओलांडला की आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी मीही 'मी आलो' म्हणते.

आबा दाराशी खुर्चीवर बसले होते, उजवा पाय पुढे लांब करून. तो गुडघा बेचाळीस वर्षं वाकत नाही. सत्त्याण्णव सालच्या अंतिम सामन्यात पहिल्या अर्ध्या तासात तो फाटला होता. आबांनी त्यावर फडकं आवळून घेतलं आणि उरलेला तासभर खेळून गोल केला. त्या गोलाचा फोटो तालमीत लावलाय. गुडघ्याचा फोटो कुणी लावला नाही. तो गुडघा मी पाहिला आहे. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा आबांना पाटावर बसता येईना. सगळ्या गोतावळ्यासमोर त्यांनी खुर्चीवर बसून पिंडदान केलं. ही तीच खुर्ची.

मी सगळं सांगितलं. लेप, मीठ, आकडे, समरजित. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजे तुज्या यंत्राला माझ्या तेलानं गंडवलं. मग यंत्र कच्चं म्हन की."

"आबा, पोराचा पाय जाईल."

"चाळीस वरसं मांड्या रगडालोय मी. माझा अंगठा खोटं बोलत न्हाई."

इथे रडून-भेकून काही होणार नव्हतं. कोल्हापूरच्या माणसाला समजावलेलं कळत नाही, पण पैज लगेच कळते.

"मग लावा पैज," मी म्हटलं. "आजपासून शनिवारपर्यंत कुणाला लेप लावायचा न्हाई. शनिवारी सकाळी सातही जण तालमीत येतील. तुमचा अंगठा आधी, माझी जळू मागनं. तुमचा खरा निघाला तर सगळ्या पट्ट्या मी पंचगंगेत सोडतो."

"आनि माझा खोटा निघाला तर?"

"ते तुमीच ठरवा."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "शनवारी ये," म्हणाले.

*

शनिवारी सकाळी तालमीत सातही जण पालथे पडले होते. आबा एकेकाच्या मांडीवर अंगठा फिरवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. मागून मी जळू लावायचे.

"धड." नऊ.

"धड." बारा.

"डावा शिणलाय. अर्धा टाइम खेळंल." एकतीस.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मोजायला आलेली मी, आणि हा माणूस डोळे मिटून माझ्या पुढे चालला होता. सहावा झाला तोवर एकही चूक नव्हती. पोरं जाग्यावरून माना वळवून एकमेकांना खुणा करत होती. मला हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, अभिमानानं माझा ऊर भरून आला होता.

सातवा धैर्यशील. आबांचा अंगठा त्याच्या डाव्या मांडीवरून वर सरकत गेला आणि एका जागी थांबला. इतरांच्या वेळी तो असा थांबला नव्हता. आबांनी डोळे उघडले.

"धड," ते म्हणाले. जरा जास्तच मोठ्यानं.

मी जळू लावली. सदुसष्ट.

आबांनी अंगठा धोतराला पुसला. "पोरं हो, भाईर जावा जरा," ते म्हणाले. सगळे गेले. आम्ही दोघंच उरलो.

"कवा कळलं?" मी विचारलं.

त्यांनी हौद्याकडे मान वळवली. "तीन आठवडं झालं. आधी तांदळाच्या दाण्याएवढं लागत हुतं. आता सुपारीएवढं हाय."

"मग काय केलंत?"

"जादा लेप लावला."

"आणि समरजितचं?"

ते मान न उचलता म्हणाले, "त्येचंबी लागलं हुतं."

माझा संताप उसळला. तीन महिने मी समरजितच्या दारावरून मान खाली घालून जात होते, कंपनीला पत्रं लिहीत होते, आणि माझ्या घरातल्या माणसाला हे आधीपासून माहीत होतं. "आबा, एक शब्द बोलायचा होता," मी म्हटलं. "फक्त 'बस' म्हणायचं होतं त्याला."

"त्योच येत न्हाई मला." त्यांनी भोवताली हात फिरवला. "हितं बसायला काय हाय का बघ. खुर्ची न्हाई, बाक न्हाई. ही जागाच उभं ऱ्हायाची. माझ्या वस्तादानं मला कवा 'बस' म्हटलं न्हाई. त्या दिवशी फडकं त्येनंच आवळलं. तवा म्हटलं असतं कुनी, तर तुज्या आईच्या कार्याला मी पाटावर बसलो असतो."

माझा राग तिथल्या तिथे मोडला. गेला नाही, पण मोडला. आबांनी खोरं उचललं आणि एक पाय ओढत हौद्यातली माती वर-खाली करायला लागले. मी पट्ट्या गोळा केल्या. त्यांनी मला कसलाही शब्द दिला नाही आणि मीही मागितला नाही.

*

रविवारी दुपारी धैर्यशीलचा आकडा चौसष्ट होता. त्यानं माझ्यासमोर कागदावर सही केली आणि तो रिबेलो सरांच्या हातात दिला. सरांनी कागदाकडे न बघताच तो घडी करून खिशात ठेवला. बाहेर सामन्याला तासभर अवकाश असतानाच वीस हजार लोक ताशांवर ओरडत होते.

आबा वाटी घेऊन आले. रांग लागली. एकेक जण वाकायचा, आबांचा अंगठा मातीत बुडायचा आणि कपाळावर टेकायचा. धैर्यशील नेहमी पहिला असायचा, आज तो शेवटी उभा होता. त्याची पाळी आली. तो वाकला, डोळे मिटले.

आबांचा हात वाटीतून वर आलाच नाही.

"बस," ते म्हणाले.

धैर्यशीलनं डोळे उघडले. "वस्ताद?"

"बस म्हटलं न्हवं? आज माती न्हाई तुला."

"मी सही केलीया, वस्ताद!"

"सही त्येंच्या कागदावर केलीस. माती माझी हाय."

ताशांचा आवाज तेवढा भिंतीतून येत होता. धैर्यशीलचा चेहरा लालबुंद झाला, मग रडवेला. "लोकं काय म्हनतील? वरुट्याचं पोरगं भ्यालं म्हनतील. तुमी सोता फाटक्या गुडघ्यानं..."

"व्हय. आनि बघ काय झालंय त्येचं." आबांनी सगळ्यांच्या देखत धोतर वर करून तो गुडघा उघडा केला. पेठेतल्या कुणी तो असा कधी पाहिला नव्हता. "ह्येला तुमी मर्दानगी म्हनताय. बेचाळीस वरसं मी मांडी घालून जेवलो न्हाई. तुज्या मांडीत गाठ हाय हे मला तीन आठवडं म्हाईत हाय. समरजितचंबी म्हाईत हुतं. बोललो न्हाई. ही चूक माझी, ह्या पोरीची न्हाई आनि यंत्राचीबी न्हाई. लोकांस्नी सांगा, वस्तादानं बसवलं. ज्येला बोलायचं हाय त्येनं माझ्या दाराला यावं."

धैर्यशील बाकावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांत तोंड घातलं.

आबांनी खोलीभर नजर फिरवली. "बोंद्रे कुठाय?"

कुलदीप कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत होता. तो तसाच वर बघत राहिला.

"किती वेळ बांधतोस, लेका? घोड्याला नाल ठोकालायस काय? ये हिकडं."

कुणी तरी हसलं. कुलदीप उठला. चार पावलं चालायला त्याला बराच वेळ लागला. "वस्ताद, मी वेशीवरचा," तो पुटपुटला. "आमच्या तालमीत कळलं तर..."

"कळूदे. तुमच्या वस्तादाला सांग, हिंदुरावानं लावली. हवं तर पुसून टाक म्हनावं." आबांचा अंगठा मातीत बुडाला. कुलदीपनं मान झुकवली.

*

कुलदीपचं नाव जाहीर झालं तेव्हा व्हायचं तेच झालं. आमच्या पेठेचा अख्खा स्टँड शिट्ट्या मारायला लागला. पहिल्याच संधीला त्यानं चेंडू आकाशात मारला, आणि शिट्ट्या दुप्पट झाल्या.

धैर्यशील इतका वेळ माझ्या शेजारी बाकावर दगडासारखा बसून होता. तो उठला, साइडलाइनपर्यंत गेला, आमच्या पेठेच्या स्टँडकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "कुलदीप! कुलदीप!" पहिल्यांदा त्याचा एकट्याचाच आवाज होता. मग कपाळाला माती लावलेल्या बदली खेळाडूंनी साथ धरली. पुढच्या रांगांना कुलदीपच्या कपाळावरचा लाल ठिपका मोठ्या पडद्यावर दिसला असावा. हळूहळू शिट्ट्या विरल्या. नाव काही फार जणांनी घेतलं नाही, तेवढं आमचं गाव सोपं नाही. पण शिट्ट्या थांबल्या.

रिबेलो सरांनी दोन्ही पिवळे खेळाडू मध्यंतरालाच बदलले. एरवी बदललेला खेळाडू पाण्याची बाटली आपटत बाहेर येतो. त्या दिवशी दोघंही मुकाट येऊन धैर्यशीलच्या शेजारी बसले. सत्तराव्या मिनिटानंतर शिलाँगच्या मधल्या फळीचे पाय जड झालेले मला बाकावरून दिसत होते. आमचे पळतच होते. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कुलदीपनं डाव्या कोपऱ्यात एक हातचा गेलेला चेंडू धावून गाठला आणि मागे वळवला. चिंचेच्या तालमीच्या बचावपटूनं तो जाळ्यात मारला. एक-शून्य. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो होतो. मी सरांच्या गळ्यात पडले, ते म्हणत होते, "बाकावरचे, बाय, बाकावरचे," आणि रडत होते.

*

सोमवारी सकाळी मी घरी गेले तेव्हा दाराशी खुर्ची नव्हती. तालमीत गेले.

खुर्ची हौद्याच्या काठावर ठेवलेली होती आणि तिच्यावर समरजित बसला होता, काठी मांडीवर आडवी धरून. आबा भल्या सकाळी एक पाय ओढत त्याच्या घरी गेले होते. तिथे काय बोलणं झालं हे दोघांपैकी कुणी मला आजवर सांगितलेलं नाही. समरजितचे डोळे सुजले होते. आबांचेही.

धैर्यशील खुर्चीच्या पायाशी सतरंजीवर बसला होता. बाकीची पोरं रोजच्यासारखी आली आणि खुर्ची बघून दारातच घुटमळली. त्या तालमीत बसलेलं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आबांनी लेपाचा डबा माझ्या हातात दिला. "मोजून झाल्यावर दे," ते म्हणाले. मग समरजितपुढे कसेबसे ओणवे झाले, त्याच्या मांडीवर अंगठा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अजून दोन महिनं. पर जुळालंय."

समरजितनं माझ्याकडे पाहिलं. मी गुडघे टेकून त्याच्या मांडीला जळू लावली, स्वच्छ कातडीवर. पडद्यावर आकडा यायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत तालमीतलं कुणी हललं नाही.

"वस्ताद बरोबर सांगतायत," मी म्हटलं. "जुळतंय."

"माझं कवा, वस्ताद?" धैर्यशीलनं सतरंजीवरून विचारलं. अंतिम सामना सहा दिवसांवर होता.

आबा माझा हात धरून उभे राहिले. "आदी ह्येला उठूदे," ते म्हणाले. "मग खुर्ची तुला."